मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट : पंप बदलण्याआधी

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षपट्ट्यातल्या मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. निफाड-दिंडोरी असो की तासगाव, वेलींच्या दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांची वाट आणि वर मांडव. त्या वाटेतून पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा बुटका ट्रॅक्टर कधी ब्लोअर, कधी रोटाव्हेटर घेऊन फिरतो. पाऊस येऊन गेला की डाउनी रोगाच्या भीतीने फवारणीचा हिशेब तासांवर येतो. नेमकी तेव्हाच हायड्रॉलिक लिफ्ट अवजार उचलेनाशी झाली, तर शेतकरी पहिल्यांदा म्हणतो, "पंप गेला." मेस्त्रीही बऱ्याचदा तेच म्हणतो. नवा पंप बसतो, पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत लिफ्ट पुन्हा तशीच रखडते. दोष पंपात नव्हताच, तर नव्या पंपाने तो जाणार कसा?

लिफ्टच्या या यंत्रणेचा मूळपुरुष हॅरी फर्ग्युसन. उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यात १८८४ साली जन्मलेला हा माणूस बेलफास्टमध्ये मोटारींचा धंदा करत होता. त्या काळी नांगर साखळीने ट्रॅक्टरमागे ओढत. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि तो चालकाच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची खोली तेलाच्या दाबावर सोपवली. या कल्पनेचं पेटंट त्याला १९२६ मध्ये मिळालं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी बोलणी झाली आणि १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसनचा '९एन' बाजारात आला. आज बागेतल्या मिनी ट्रॅक्टरच्या मागे दिसणाऱ्या दोन लोअर लिंक आणि एक टॉप लिंक, हा त्याचाच वारसा.

'९एन'ची एक गोष्ट आजही उपयोगी पडते. त्याचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे अवजाराला इंजिनाची ताकद पुरवणाऱ्या शाफ्टवर चालायचा. पीटीओचा दांडा सुटलेला असला की लिफ्ट हलायचीच नाही. म्हणजे दांडा कुठे आहे हे न बघता पंप उघडणारा मेस्त्री तेव्हाही फुकट खपला असता. आजच्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत पंप थेट इंजिनावर चालतो, पण पोझिशन (अवजाराची उंची ठरवणारा) आणि ड्राफ्ट (मातीच्या ओढीप्रमाणे खोली सांभाळणारा) असे दोन दांडे असतातच. ड्राफ्टचा दांडा चुकीच्या जागी राहिला की लिफ्ट मनासारखी वागत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन्ही दांडे बघावेत.

आता पोटातली रचना. गिअरबॉक्सच्या खोक्यातलं तेल गाळणीतून पंपाकडे जातं. तिथून दाबाने कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आणि मग लिफ्टच्या सिलिंडरमध्ये. समजा पिस्टनचा व्यास ७५ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तर पिस्टनवर साडेसहा टनांहून जास्त जोर येतो. मधल्या आर्मच्या लांबीत हा जोर कमी आणि उचलीची उंची जास्त असा सौदा होतो, म्हणून पंधरा हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरची लिफ्ट शेवटी साडेसातशे किलोच्या आसपास उचलते. तेही लिंकच्या टोकाशी. वजन जितकं मागे, तितकी उचल कमी. ब्लोअरची पाचशे लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन पाचशे किलो होतं, वर यंत्राचं वजन आणि त्याचा भार टोकाच्याही मागे. अशा वेळी जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून चिरका आवाज करत असेल तर तो आपलं काम चोख करतो आहे. रिकामं ब्लोअर सहज उचललं जातं आणि भरलेलं नाही, हा बिघाड नाही, ओझं जास्त आहे. इथे काही जण रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवतात. हे सरळ सरळ घातक आहे. वाढलेला दाब पंपाच्या बॉडीला नाहीतर लिफ्टच्या घराला तडा देऊनच थांबतो.

खरा बिघाड ओळखायचा तर लिफ्ट कशी वागते ते आधी नीट बघावं लागतं. सकाळी थंड असताना लिफ्ट झकास चालते आणि दोन तास काम झाल्यावर सुस्तावते? तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं. हे पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या झिजेचं लक्षण, आणि पंपावर संशय घ्यायची खरी जागा हीच. उलट, थंडीत सकाळी पंप ओरडतो, लिफ्ट झटके देते आणि तेल तापल्यावर सगळं सुरळीत होतं? मग तेल जास्त जाड आहे किंवा गाळणी तुंबली आहे. पंपाला तेल ओढून घ्यायलाच मिळत नाही, म्हणून तो ओरडतो. उपाशी पंप फार दिवस टिकत नाही, तेव्हा हा आवाज ऐकून सोडून देऊ नये.

हवा शिरणं हा यातला सगळ्यात फसवा प्रकार. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब हवेपेक्षाही कमी असतो. त्यामुळे तिथला क्लॅम्प सैल असला किंवा ओ-रिंग कडक झाली, तर तेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि आत तेलाला फेस. जुने फिटर यावर साधी युक्ती करतात. इंजिन संथ चालू ठेवून ओढीच्या पाइपच्या प्रत्येक जोडावर ग्रीसचा जाड थर चोपडतात. ज्या जोडावर ग्रीस बसताच पंपाचा आवाज बदलतो, तोच जोड चोर. फेस हवेचा आहे की तेलात पाणी उतरलं आहे, हेही कळायला सोपं. काचेच्या बाटलीत थोडं तेल घेऊन रात्रभर ठेवावं. हवेचा फेस विरतो, पाण्याने दुधाळ झालेलं तेल सकाळीही दुधाळच दिसतं. उघड्यावर पावसात उभा राहणारा आणि प्रेशरच्या पाण्याने धुतला जाणारा ट्रॅक्टर गिअर दांड्याच्या फाटक्या रबरातून पाणी पितो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

लिफ्ट वर जाते, पण इंजिन बंद केलं की अवजार भराभर खाली बसतं? इंजिन चालू असताना अवजार हळूच खाली सरकतं आणि झटक्याने पुन्हा वर येतं, असा नाच सतत चालू राहतो? मग पंप चांगला आहे. तो दरवेळी अवजार वर आणतो आहे, म्हणजे गळती पंपाच्या पुढे आहे, पिस्टनच्या सीलमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. काही रुपयांच्या ओ-रिंगसाठी हजारोंचा पंप बदलला जातो तो नेमका याच ठिकाणी. सील बसवतानाही एक चूक वरचेवर होते. ओ-रिंगसोबत येणारी बॅकअप रिंग दाबाच्या उलट बाजूला बसायला हवी. बाजू चुकली की दाबाखाली ओ-रिंग फटीत ढकलली जाते, कुरतडली जाते आणि नवं सील जुन्याहून आधी फाटतं.

गावात आणखी एक कारण फिरत असतं, टिपिंग ट्रॉली. एकच ट्रॉली भावकीत चार ट्रॅक्टरांना जोडली जाते. तिच्या जॅकमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचं तेल शिल्लक असतं. ट्रॉली खाली येताना ते तेल, त्यातल्या कचऱ्यासकट, आपल्या गिअरबॉक्समध्ये उतरतं. कपलिंग धुळीत लोळलेलं असेल तर मातीही जाते. शिवाय जॅक पूर्ण उघडला की खोक्यातलं तेल तेवढं कमी होतं, आणि मुळात पातळी खाली असेल तर पंप हवा ओढू लागतो. कपलिंगला टोपी आणि जोडण्याआधी फडक्याचा एक हात, एवढ्याने पंपाचं आयुष्य वाढतं.

तेलाचं तर विचारूच नये. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरांत गिअर, तेलात बुडालेले ब्रेक आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात. दुकानात हाताशी आलं म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं की गिअर खूश, पण पंपाला ते ओढवत नाही. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल हवं. नवा पंप आठवड्यात का जातो, त्याचं उत्तरही तेलातच सापडतं. जुन्या पंपाच्या धातूचा चुरा खोक्यात तसाच राहतो, गाळणी धुतली जात नाही आणि नवा पंप आत तेल न भरता कोरडाच चालू केला जातो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. दाबाच्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तिथून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. बाहेर ठिपक्याएवढी जखम दिसते आणि आत बोट सडू लागतं. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी. धार शिरलीच तर दुखत नसलं तरी तासाभराचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात जावं आणि आत हायड्रॉलिक तेल गेलं आहे, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. वर उचललेल्या रोटाव्हेटरखाली कोणीही शिरू नये. आधी तो जमिनीवर टेकवावा किंवा भक्कम ठोकळ्यांवर ठेवावा.

मेस्त्रीने पंप बदलायला सांगितला तर त्याला आधी प्रेशर गेज लावायला सांगा. दाब साधारण १५० ते २०० किलोच्या दरम्यान हवा, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. तेल थंड असतानाचा आणि तापल्यावरचा, असे दोन्ही आकडे वहीत टिपून घ्या. दाब पुरेसा आणि वेग कमी असेल तर गाळणी आणि ओढीची बाजू आधी तपासून घ्या, दाबच येत नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह. पंपाचे पैसे त्यानंतरच मोजा.