बोटीवरची बेगमी

शिडाच्या बोटीलाच घर करून राहणारी बरीच माणसं जगात आहेत. जमिनीवरचं घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं, पस्तीस-चाळीस फुटांची बोट घ्यायची आणि वारा नेईल तसे देश पाहत हिंडायचं. दर नोव्हेंबरात अशा मंडळींचा मोठा जथा कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात जमतो. तिथून अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुशिया बेटापर्यंत सुमारे २७०० सागरी मैलांचं अंतर. व्यापारी वारे चांगले मिळाले तर अडीच-तीन आठवडे लागतात. वाटेत दुकान नाही, दवाखाना नाही, शेजारही नाही. त्यामुळे निघण्याआधीचा आठवडा बहुतेकांचा बाजारहाट करण्यातच जातो.

आपल्याकडे कोकणात आगोटीच्या आधी हेच चालतं. चार महिने बाहेर पडता येणार नाही म्हणून तांदूळ, कडधान्यं, मीठ-मिरची, सुकी मासळी, आमसुलं भरून ठेवायची. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि मडगावला पावसाच्या तोंडावर त्याच नावाचं फेस्तही भरतं. बोटीवरची बेगमी याच जातीची. फक्त कोठीची खोली म्हणजे झोपायच्या फळीखालचा कप्पा, आणि तोही सतत हलणारा.

या मंडळींच्या काही सवयी डॉक्टर म्हणून मला फार आवडतात. पुठ्ठ्याचं एकही खोकं ते बोटीत येऊ देत नाहीत. सामान धक्क्यावरच सोडवतात, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि बोटीत एकदा झुरळं झाली की घालवणं महाकठीण. फळं-भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या करतात. डब्यांवरचे कागद आधीच सोलून झाकणावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहितात. नाहीतर तळाशी साचलेल्या पाण्यात कागद सुटतो आणि ते पाणी उपसणारा पंप तुंबतो. अंडी घेतात ती कधीच फ्रिजमध्ये न ठेवलेली, न धुतलेली. त्यांच्या कवचाला व्हॅसलीन चोळलं की छिद्रं बुजतात आणि ती काही आठवडे टिकतात.

प्रेशर कुकर तर हवाच. झाकण घट्ट बसतं, बोट कलंडली तरी आमटी सांडत नाही आणि गॅस वाचतो. पण त्यामागे एक जीवशास्त्रही आहे. काही हौशी लोक मांस-भाज्या घरीच बरण्यांत बंद करून नेतात. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या अन्नात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू वाढू शकतो. त्याचं विष स्नायू लुळे पाडतं, शेवटी श्वासाचेही. याची बीजं उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना दाद देत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ पुरेसा वेळ लागते. लोणच्याला ही भीती नाही, कारण चांगल्या आंबटपणात हा जीवाणू वाढतच नाही. फुगलेला डबा मात्र चव घेऊनसुद्धा पाहायचा नाही, सरळ टाकायचा. तीच गोष्ट गळाला लागलेल्या माशाची. टूना किंवा आपला बांगडा उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या उठणं हा प्रकार किनारपट्टीवरच्या दवाखान्यांतही दिसतो आणि ‘माशाची अ‍ॅलर्जी’ म्हणून नोंदला जातो.

हे झालं सामान ठेवण्याबद्दल. पण काय आणि किती न्यायचं, हे ठरवताना बोटीच्या कप्प्यांइतकाच आणखी एका कोठीचा विचार करावा लागतो. ती आपल्या अंगातच असते. शरीर काही गोष्टी वर्षानुवर्षं पुरतील इतक्या साठवतं, काही महिनाभर, काही दोन दिवससुद्धा नाही. गंमत अशी की माणूस धास्तीने जे सर्वांत आधी भरतो, म्हणजे पीठ, तांदूळ, साखर, बिस्किटं, त्याचाच साठा अंगात भरपूर असतो. साठ किलोच्या माणसात बारा किलो चरबी धरली आणि एका किलोचे ७,७०० उष्मांक धरले, तर सुमारे ९२,००० उष्मांक होतात. रोजचे २,२०० लागले तर कागदावर तरी सहा आठवड्यांची सोय झाली. उपाशी राहा असं मी म्हणत नाही. पण समुद्रावर माणसाला आधी गाठते ती पिठाची टंचाई नव्हे.

सर्वांत आधी गाठतं पाणी. त्याची कोठी शरीरात नाहीच. तीन माणसं, रोज प्रत्येकी तीन लिटर आणि पंचवीस दिवस, म्हणजे नुसतं पिण्या-रांधण्याचंच सव्वादोनशे लिटर. समुद्राचं पाणी पिऊन भागत नाही, कारण त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या मूत्रपिंडाला इतकं दाट मीठ लघवीतून टाकता येत नाही. एक लिटर प्यायलं तर ते मीठ बाहेर काढायला एक लिटरहून जास्त पाणी खर्ची पडतं. हल्ली खाऱ्याचं गोडं करणारी यंत्रं बोटींवर असतात, पण यंत्रच ते. म्हणून टाक्या दोन तरी असाव्यात आणि काही पाणी कॅनमध्ये वेगळं ठेवावं. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची ‘सुहेली’ ही बोट आपल्या मुंबईत बांधलेली. दक्षिणेच्या समुद्रात तिला लाटेने आडवं पाडलं आणि टाक्यांतलं पाणी खराब झालं. पुढे त्यांचा भरवसा होता तो शिडावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यावर.

पाण्यानंतर संपतं ते थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात एकूण तीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि आहारातून आलंच नाही तर दोन-तीन आठवड्यांत खडखडाट होतो. मग पाय सुजतात, बधिर होतात, हृदय थकतं. हाच बेरीबेरी. जपानी आरमारात या रोगाने थैमान घातलं होतं. ‘र्युजो’ हे प्रशिक्षण जहाज १८८२-८३ मध्ये लांबच्या सफरीवर गेलं. ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी हट्ट धरला आणि १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावलं. फक्त पांढऱ्याशुभ्र भातावरचा भर कमी करून मांस, पाव आणि दूध यांची भर घातली. या वेळी जेमतेम पंधराएक जण आजारी पडले, मेलं कोणीच नाही. ताकाकींना वाटलं, प्रथिनांची कमतरता होती. कारण चुकलं, उपाय बरोबर ठरला. वैद्यकात असं बऱ्याचदा होतं आणि रुग्णाची त्याबद्दल काही तक्रार नसते.

म्हणून बोटीवर तांदूळ न्यायचाच तर उकडा न्यावा, हे माझं मत. कोकण-गोव्यात पेज त्याचीच करतात. भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत उतरतं आणि मग सडला तरी बरंचसं टिकतं. जोडीला डाळी आणि शेंगदाणे. आणि एक लक्षात ठेवायला हवं: पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोट लागते. उलट्या लांबल्या तर थायमिन आणखी लवकर संपतं. त्या दिवसांसाठी आधीच शिजवलेलं, एका हाताने खाता येईल असं साधं अन्न, कोरडी बिस्किटं, आल्याचे तुकडे आणि मीठ-साखरेची पाकिटं वरच ठेवावीत. गॅसपाशी उभं राहायची तेव्हा कुणाची इच्छाही नसते आणि ताकदही.

आता क जीवनसत्त्व. माणसाच्या अंगात याचा साठा साधारण दीड ग्रॅम. बहुतेक प्राणी ते स्वतः तयार करतात. माणूस, माकडं, गिनीपिग अशा थोड्यांनी ती कला उत्क्रांतीत गमावली. साठा एक ते तीन महिन्यांत संपतो आणि स्कर्व्ही होते. हिरड्यांतून रक्त येतं, जुने व्रण उलतात, पायांवर केसांच्या मुळाशी जांभळे ठिपके उठतात. शिडाच्या जहाजांच्या काळात वादळं आणि लढाया यांपेक्षा जास्त खलाशी या रोगाने मारले. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ जहाजावर बारा आजारी खलाशी निवडले आणि दोन-दोनच्या सहा जोड्यांना सहा वेगळे उपाय दिले: सफरचंदाची दारू, पातळ गंधकाम्ल, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, मसाल्यांचा लगदा, आणि संत्री-लिंबू. संत्री सहा दिवसांतच संपली, तरी ती जोडी झपाट्याने सुधारली आणि त्यातला एक तर कामावर परतला. एवढं स्पष्ट दिसूनही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र सुरू केला तो १७९५ मध्ये.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधलं हिरवं लिंबू वापरायला सुरुवात झाली. दोन्ही आंबट, म्हणजे सारखीच, असा समज. हिरव्यात क जीवनसत्त्व बरंच कमी होतं आणि साठवताना, तांब्याच्या नळ्यांतून जाताना उरलेलंही नासत होतं. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास छोटे झाले होते, म्हणून चूक कळली नाही. कळली १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत, पुन्हा स्कर्व्ही उद्भवल्यावर.

साठा किती पुरतो हे एका सर्जनने स्वतःवर तपासलं. बॉस्टनचे जॉन क्रँडन १९३९ मध्ये क जीवनसत्त्व अजिबात नसलेल्या आहारावर सहा महिने राहिले. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली भरली नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्डच्या प्रयोगात दिसलं की रोज अवघे १० मिलिग्रॅम मिळाले तरी स्कर्व्ही टळते. आयसीएमआरची आजची शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅमची आहे, पण ती सुरक्षित अंतर राखून.

या हिशेबाने आपल्या नौदलाच्या सफरी पाहाव्यात. ‘तारिणी’ ही गोव्यात बांधलेली ५६ फुटी बोट सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून काढली आणि २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये परत आणली. गोवा ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल सहा आठवडे. न्यूझीलंडचं लिटल्टन ते फॉकलंडचं पोर्ट स्टॅन्ले तेवढेच. भरल्या अंगाने निघालेल्या माणसाचं क जीवनसत्त्व एका टप्प्यात संपत नाही आणि बंदरात ताजी फळं मिळतात. पण अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’वरून मुंबई ते मुंबई एकट्याने, न थांबता, सुमारे पाच महिन्यांत प्रदक्षिणा केली. तिथे अंगातल्या साठ्यावर विसंबून चालत नाही.

मग काय न्यावं? कोबी, अखंड आणि पानांसकट, काही आठवडे सहज राहतो. कांदे आणि बटाटे अंधारात, पण एकमेकांपासून लांब. लिंबं कागदात एकेक गुंडाळून. आणि मूग. वाळलेल्या मुगात क जीवनसत्त्व नावापुरतंच. ओल्या फडक्यात मोड आले की तेच शंभर ग्रॅमला १३ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. महिनाभर समुद्रात असताना रोज ताजी भाजी ‘पिकवण्या’चा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. मोडांना ऊब आणि ओल लागते, ती जंतूंनाही मानवते; म्हणून पाणी स्वच्छ हवं आणि खाण्याआधी एक वाफ द्यावी. ‘एवढा खटाटोप कशाला, गोळ्या न्या की,’ असं कुणी म्हणेल. न्याव्यातच, वजन काहीच नसतं. पण रोज डब्यातलं तेच ते खाऊन भूक मरते आणि माणसं साठा असूनही कमी खायला लागतात. कुरकुरीत, हिरवं काही ताटात असलं की जेवण जातं.

स्कर्व्ही समुद्रावर राहिली असं मात्र समजू नका. सरकारी रुग्णालयात ती अधूनमधून येतेच. एकटे राहणारे, दात गेलेले आजोबा, सकाळ-संध्याकाळ चहा-खारी आणि रात्री दूध-भात. किंवा फक्त बिस्किटं आणि दूध खाणारं मूल, पाय दुखतात म्हणून चालायचं थांबलेलं. रक्ताच्या, संधिवाताच्या, कधी कर्करोगाच्याही तपासण्या होऊन जातात आणि प्लेटलेट्स नॉर्मल येतात. ‘शेवटचं फळ कधी खाल्लंत?’ हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. गोळ्या सुरू केल्या की हिरड्यांचं रक्त काही दिवसांतच थांबतं. यांच्या घरात पीठ-तांदूळ भरपूर असतात.

बी-१२ ची गोष्ट उलटी. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून सात-आठ महिन्यांच्या सफरीत त्याची चिंता नको, असं पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात. आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांत ही कोठी पुष्कळदा आधीच तळाला गेलेली असते. लांबच्या सफरीवर निघणारं कुणी माझ्याकडे आलं तर मी हिमोग्लोबिन आणि बी-१२ आधी पाहीन, नेहमीच्या गोळ्या दुप्पट आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगेन. मग दंतवैद्याकडे पाठवेन. हलत्या दाताने मोड आलेले मूगही चावता येत नाहीत, आणि अटलांटिकच्या मध्यावर दाढ दुखू लागली तर लवंगेच्या तेलाखेरीज फारसं काही हाताशी नसतं.