दुबईचे विमान सव्वातीन तासांचे, प्रवास साडेनऊ तासांचा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील तयार कपडे व फर्निचरच्या धंद्यातील आपल्या बांधवांना दुबईच्या बाजारपेठेचे आकर्षण आहे. परंतु प्रथमच नमुने घेऊन निघणारा व्यापारी तिकिटावरील वेळेत हमखास फसतो. म्हणून हा हिशेब समजून घेणे जरुरीचे आहे.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. ताशी 850 किलोमीटर वेग धरल्यास सव्वादोन तास होतात. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांत आणखी वेळ जातो व प्रवास सव्वातीन तासांचा होतो. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असल्यामुळे, विशेषतः हिवाळ्यात, थोडा वेळ वाचतो.

तिकिटावर मात्र त्या त्या गावची वेळ छापलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी 10 ला सुटलेले विमान तेथे 11.45 ला पोहोचते, म्हणजे पावणेदोन तास लागले असे नव्हे. उलट रात्री 10 ला दुबईहून निघालेले विमान येथे 2.30 च्या सुमारास उतरते.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. 10 च्या विमानासाठी 7 वाजता सहार विमानतळावर हजर राहावे. अंबरनाथहून घाटकोपरपर्यंत लोकल, तेथून मेट्रोने मरोळ नाका, आणि पुढे भुयारी मेट्रोने टर्मिनल दोन हा स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी पावणेपाचला घर सोडावे लागेल. दुबईत सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन वाजलेले असतात. एकूण साडेनऊ तास! बदलापूरकरांनी आणखी थोडा वेळ धरावा. खरेदीदाराची पहिली भेट तेथील दुपारी तीनच्या आधी ठरवू नये.

सर्वांत महाग चूक तारखेची असते. 15 तारखेच्या पहाटे 4 चे विमान असेल तर घर 14 च्या रात्रीच सोडायचे. 15 च्या रात्री निघालेल्याचे विमान गेलेले असते, तिकीट वाया जाते आणि ठरलेली भेटही हुकते. परतताना मध्यरात्रीनंतर उतरल्यास मेट्रो व लोकल बंद असतात. टॅक्सीचे भाडे तिकिटाच्या किमतीत धरा, मगच कोणते विमान स्वस्त ते ठरवा.

आणखी एक खबरदारी घ्या. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. म्हणून तिकिटावर मुंबईचा 'बीओएम' आहे की नवी मुंबईचा 'एनएमआय' हे आधी वाचा. तारीख, विमानतळ आणि घर सोडण्याची वेळ या तीन गोष्टी तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवल्यास पैसाही वाचेल आणि गिऱ्हाईकही टिकेल.