विश्लेषण : मोठा फोटो संकेतस्थळावर अपलोड का होत नाही?

ऑनलाइन अर्ज भरला, मोबाइलने काढलेला फोटो जोडला, 'सबमिट' दाबले आणि पडद्यावर '४१३' हा एरर आला. अंतिम मुदतीच्या दिवशी असे झाले तर अर्जदाराची संधीच हुकते. दोष मात्र त्याच्या इंटरनेटचा नसतो.

अडचण नेमकी काय?
क्लाउड सेवा एका विनंतीतून किती डेटा स्वीकारायचा, याची मर्यादा घालतात. व्हर्सेलच्या फंक्शनसाठी ती ४.५ एमबी, तर अॅमेझॉनच्या लॅम्डासाठी ६ एमबी आहे. फोटो बेस६४ स्वरूपात पाठवल्यास त्याचा आकार सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे ५ एमबीचा फोटोही लॅम्डात अडकतो.

मर्यादा वाढवता येते का?
स्वतःच्या सर्व्हरवर येते. एनजिनएक्समधील १ एमबीची मूळ मर्यादा सेटिंगमध्ये बदलता येते. वरील दोन सेवांत मात्र ती सोय नाही.

मग उपाय काय?
फोटो फंक्शनमधून नेऊच नये. फंक्शनने वापरकर्त्याची ओळख तपासून काही मिनिटांपुरती वैध अशी स्वाक्षरीत लिंक द्यावी. त्या लिंकवरून ब्राउझर फोटो थेट 'एस३'सारख्या स्टोरेजमध्ये पाठवतो. परवानगी देतानाच कमाल आकाराची अट घालावी, अन्यथा कोणीही प्रचंड फाइल टाकून बिल फुगवू शकतो.

फोटो आधीच लहान केला तर?
तेही उत्तम. ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो ब्राउझरमध्येच १६०० बाय १२०० केल्यास पिक्सेल सहापटींहून अधिक कमी होतात. कागदपत्रांच्या फोटोत मात्र अक्षरे वाचता येतात ना, हे पाहावे.