घर केवढं? आधी दारं मोजा!

वन बीएचकेत मावत नाही आणि थ्री बीएचकेचा ईएमआय झेपत नाही. मुलं असलेल्या घराला नेमकी जागा लागते तरी किती? पुण्याहून तळेगाव, नवलाख उंबऱ्याकडे घर बघायला निघालेल्यांसाठी थोडा हिशेब.

रविवारची सकाळ, मागच्या सीटवर 'आलं का, आलं का' विचारणारं पिल्लू आणि डॅशबोर्डवर चार ब्रोशर्स. तळेगाव स्टेशन मागं टाकून गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागते आणि नवलाख उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बोर्ड दिसायला लागतात. प्लॉट, रो हाउस, टू बीएचके. पुण्यात ज्या बजेटमध्ये हॉल-किचनवर भागवावं लागतं, त्यात इथं एखादी खोली जास्त पदरात पडेल अशी आशा असते. शिवाय खिडकीतून डोंगर! मग सेल्सचा हसतमुख मुलगा सॅम्पल फ्लॅटमध्ये नेतो. 'मॅडम, स्पेस बघा!' आणि स्पेस खरंच दिसते.

जरा थांबा. बऱ्याच सॅम्पल फ्लॅट्सना आतली दारं बसवलेलीच नसतात. दार नसलं की नजर अडत नाही. त्यात पलंग आणि कपाट नेहमीपेक्षा जरा आखूड करून घेतलं की खोली आणखी ऐसपैस वाटते. डेकोरेटर मंडळींची ही जुनी युक्ती. गंमत अशी, की ज्या वस्तूवर तुमची पुढची वीस वर्षं सुखात जाणार की कटकटीत हे ठरतं, तीच तिथून गायब असते.

गावाच्या नावातले 'उंबरे' झाडाचे की उंबरठ्याचे, हा वाद गावकऱ्यांवर सोडू. आपल्या विषयाला उंबरठा सोयीचा आहे.

पंचवीस मीटरचा संसार

आधी आकडे बघून घेऊ. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान ९.५ चौरस मीटरची हवी, दुसरी ७.५ची, स्वयंपाकघर ५, बाथरूम १.८ आणि संडास १.१. बेरीज करा. २४.९ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६८ चौरस फूट. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण भागातलं घरही किमान २५ चौरस मीटरचं. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५ फुटांचं घर मिळायचं, मग २६९, पुढे ३००. थोडक्यात, सरकारच्या लेखी एक संसार अडीचशे-तीनशे फुटांत बसतो.

बसतो हो, पण राहतो का? जागेच्या बाबतीत काटकसरी म्हणून जपानी लोक प्रसिद्ध आहेत. त्यांच्या सरकारच्या गृहनिर्माण आराखड्यात एक साधं सूत्र आहे. माणशी १० चौरस मीटर आणि वर आणखी १०. चौघांना ५०, म्हणजे ५३८ चौरस फूट. हे झालं किमान. शहरात फ्लॅटमध्ये जरा बऱ्यापैकी राहायचं तर माणशी २० आणि वर १५, म्हणजे चौघांना ९५ मीटर, हजार फुटांच्या थोडं वर. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांना ते अख्खा माणूस धरत नाहीत. तीन वर्षांखालचं मूल पाव, सहाच्या आतलं अर्धं, दहाच्या आतलं पाऊण! घरात दोन वर्षांचं एक आणि सात वर्षांचं एक असेल, तर आई-बाबा धरून माणसं तीन, आणि किमान जागा ४३० फूट.

आणि आपल्याकडचा ताजा दाखला? मुंबईच्या बीडीडी चाळी. १९२०च्या दशकात बांधलेल्या, १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सामायिक. तिथं पिढ्या वाढल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नवं घर ५०० चौरस फूट कारपेटचं, टू बीएचके. मुंबईतली वर्षानुवर्षांची घासाघीस आणि टोकियोचं सूत्र, दोन्ही जवळजवळ एकाच आकड्यापाशी येऊन थांबलीत.

'आम्ही नाही का वाढलो?'

घर घेण्याची चर्चा निघाली, की कुणीतरी काका किंवा सासरे हे वाक्य टाकतातच. 'दहा जण होतो एका खोलीत. काय बिघडलं आमचं?' यावर समोरचा गप्प बसतो, कारण काका खरंच चांगले निघालेले असतात.

पण काकांचा हिशेब अर्धा आहे. खोली १६० फुटांची होती, घर तेवढंच नव्हतं. गॅलरी होती, जिना होता, गच्ची होती, खाली पटांगण होतं आणि शेजारचं दार दिवसभर उघडं होतं. मुलं गॅलरीत अभ्यास करायची, रात्री कुणाच्याही घरी जेवायची, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची. आज आपण ६०० फूट घेतो तेव्हा ६०० फूटच घेतो. लिफ्टमधून बाहेर पडलं की लॅच, आणि लॅचच्या आत सगळं जग.

दुसरं म्हणजे, त्या खोलीची किंमत कोण मोजत होतं, हे काकांना बहुधा ठाऊक नसतं. काकूंना विचारा. कपडे कुठं आणि कधी बदलायचे, पाळीच्या दिवसांत सामायिक संडासासमोर रांगेत कसं उभं राहायचं, पाहुणे आले की बाळाला दूध कुठल्या कोपऱ्यात बसून पाजायचं. पुरुष बाहेर जाऊ शकत होते, नाक्यावर, कट्ट्यावर. बाईला ती गॅलरी आणि तो मोरीचा आडोसा. चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्यांमध्ये पुरुषच जास्त का, याचं उत्तर मला तरी इथं सापडतं.

नव्या जोडप्याचं काय, ते तर सिनेमानंच सांगितलं. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७०मध्ये आला. लग्न झालंय, पण गर्दीच्या घरात दोघांना निवांत भेटायला जागाच नाही, हीच त्याची गोष्ट. दोन वर्षांनी बासू चटर्जींनी ती हिंदीत आणली, 'पिया का घर' नावानं. प्रेक्षक पोट धरून हसले असतील. पण हा विनोद पुढं सरकारी अहवालातही शिरला. २०१२मध्ये अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटानं देशातली शहरी घरटंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची सांगितली. त्यातली साधारण ८० टक्के टंचाई बेघरांची नव्हतीच. ती दाटीवाटीची होती, आणि दाटीवाटी कशी मोजली? घरातल्या किमान एका जोडप्याला स्वतःची खोली नाही, अशी कुटुंबं मोजून. २०११च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती, हेही इथंच सांगून टाकते.

म्हणून माझं सरळ मत, घरातलं पहिलं बंद होणारं दार आई-बाबांचं. आपण नेमकं उलटं करतो. बाळ पोटात असतानाच किड्स रूमचा रंग ठरतो, कारच्या आकाराचा बेड येतो, आणि बाळ पुढची पाच-सहा वर्षं आई-बाबांच्या मध्येच झोपतं! कारच्या बेडवर इस्त्रीचे कपडे.

कितव्या वर्षी कितवं दार?

युरोपातल्या देशांत घर अपुरं आहे का, हे ठरवायची एक पद्धत आहे. सगळ्यांना मिळून एक बसायची खोली. जोडप्याला एक. अठरा किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक एकट्या माणसाला एक. बारा वर्षांखालच्या दोन मुलांना मिळून एक, मग मुलगा-मुलगी का असेनात. बारा ते सतरामध्ये दोघी बहिणी किंवा दोघे भाऊ असतील तर एक, बहीण-भाऊ असतील तर वेगवेगळ्या. चौरस फुटांचा उल्लेखच नाही, फक्त खोल्या आणि वयं.

हे आपल्या घराला लावून बघा. बहीण-भाऊ आहेत, तीन वर्षांचं अंतर आहे. मोठं बारावं पार करेपर्यंत टू बीएचके आरामात पुरतो. बारा ते अठरा ही सहा वर्षं अडचणीची. त्यातच दहावी, त्यातच बारावी, त्यातच 'माझ्या रूममध्ये यायचं नाही'. मग मोठं इंजिनीअरिंगला किंवा आणखी कशाला बाहेर पडतं. कर्ज वीस वर्षांचं, तिसऱ्या बेडरूमची खरी गरज सहा वर्षांची. तेवढ्यासाठी हॉलला लागून असलेला एखादा कोपरा सरकत्या पार्टिशननं बंद होतो का, आणि त्याला स्वतःची खिडकी मिळते का, एवढं आधीच बघून ठेवलं तरी बरंच काम होतं. खिडकी नसेल तर ती खोली नव्हे, स्टोअर रूम.

आजी-आजोबा कायमचे सोबत असतील, तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. त्यांची खोली ही चैन नाही. आणि हॉलमधल्या दिवाणावर 'अॅडजस्ट' होणाऱ्या आजोबांना रात्री दहानंतर टीव्ही बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही, हे ज्यांच्या घरी घडतं त्यांना ठाऊक आहे. २०२०च्या लॉकडाउननं तर आणखी एक दार मागितलं, ऑनलाइन मीटिंगचं. कित्येकांनी ते बाथरूमचं वापरलं.

सामानाची बेडरूम

अमेरिकेत नव्या स्वतंत्र घराचा मध्यम आकार १९७३मध्ये १,५२५ चौरस फूट होता, २०१५मध्ये २,४६७ झाला. त्याच काळात घरातली माणसं कमी झाली. मग जागा गेली कुठं? लॉस एंजेलिस भागातल्या ३२ कुटुंबांच्या घरात जाऊन संशोधकांनी बारकाईनं पाहिलं. कुटुंबं जमायची ती बहुतेक स्वयंपाकघरात आणि टीव्हीच्या आसपास, आणि चारातल्या तीन गॅरेजमध्ये गाडी मावत नव्हती, इतकं सामान! आपल्याकडे गॅरेज नाही, म्हणून आपण बेडरूम वापरतो. वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांच्या नावानं घेतलेली खोली उरलेले दिवस सुटकेसेस, ट्रेडमिल आणि जुन्या मिक्सरचे खोके सांभाळते.

मावळात मात्र एक खरी गरज आहे, जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. कपडे वाळवणं. इथला पावसाळा जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. शाळेचे दोन युनिफॉर्म, बाळाची दुपटी, सगळं हॉलमधल्या दोऱ्यांवर. चार महिने तुमचा लिव्हिंग रूम म्हणजे ओल्या चादरींमधून वाट काढायची जागा. झाकलेली, हवेशीर ड्राय बाल्कनी नसेल तर हॉलचे पन्नास फूट गेलेच समजा. गावाकडच्या जुन्या घरात हे काम पडवी करायची. ओटीवर पाहुणे, पडवीत ओलं सामान, माजघरात दुपारी पानं मांडायची आणि रात्री अंथरुणं. एका खोलीला एकच काम, ही श्रीमंती त्या घरांना परवडत नव्हती आणि त्यांचं अडतही नव्हतं.

याच टापूत कारखान्यांच्या आसपास भाड्याच्या खोल्यांच्या रांगाही दिसतात. कंत्राटी कामगारांची कुटुंबं, एक खोली, दारासमोर पाण्याचं पिंप. त्या मुलांना खोली नाही आणि गॅलरीसुद्धा नाही, समोर कंटेनरचा रस्ता. रो हाउसचा बोर्ड आणि ही खोली, दोन्ही एकाच रस्त्यावर.

आता आकडा. दोन मुलं असतील तर ५५० ते ६५० चौरस फूट आणि बंद होणारी दोन बेडरूमची दारं, शिवाय ड्राय बाल्कनी. मी एवढ्यावर सही करेन. हे फूट कारपेटचे धरा. २०१६च्या रेरा कायद्यानं कारपेटची व्याख्या पक्की केली आहे. त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. तेव्हा 'सेलेबल'चा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका.

आणि एक हिशेब नोकरीचा. काम तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत असेल, तर नवलाख उंबऱ्यातली जादा खोली खरंच फायद्याची. पण एकाचं ऑफिस खराडीला असेल, जाण्या-येण्यात रोज तीन तास जात असतील, तर महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांचे ६६ तास होतात. मूल झोपल्यावर घरी पोचणाऱ्याला त्या जादा खोलीत फक्त दिवा मालवायचं काम उरतं. आणि दोघांपैकी कुणीतरी नोकरी सोडायची वेळ आलीच, तर ती कुणाची सुटते, हे सांगायची गरज नाही. टोकन देण्याआधी हा विषय दोघांनी बोलून घ्या, शक्यतो त्या चार ब्रोशर्सच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेवर आकडे मांडून.