रोज एक डॉलर!

घाटकोपरहून मुलुंडला एलबीएस मार्गाने बसने गेलात, तर विक्रोळीच्या ट्रॅफिकशी तुमची चांगलीच ओळख असेल. आपण तिथे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. पण याच रस्त्यावर १९६० मध्ये सिप्लाने आपला दुसरा कारखाना सुरू केला होता. त्याच वर्षी केंब्रिजहून केमिस्ट्रीत पीएचडी करून आलेले युसुफ हमीद कंपनीत रुजू झाले. कंपनी वडिलांचीच, हे खरं. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ती १९३५ मध्ये मुंबईत काढली. १९३९ मध्ये ती पाहायला खुद्द गांधीजी आले होते!

पण खरी गंमत आहे पेटंटची. थांबा, पान उलटू नका! आपल्या १९७० च्या कायद्याने औषधाला पेटंट देणं बंद केलं, दिलं ते फक्त औषध बनवण्याच्या पद्धतीला. म्हणजे वडापावावर कुणाची मालकी नाही, रेसिपीवर आहे. तुम्ही वेगळ्या रेसिपीने तोच वडा तळा आणि बिनधास्त विका. हा कायदा व्हावा म्हणून युसुफ हमीद यांनी बरीच खटपट केली होती.

त्याचा उपयोग पुढे एड्सच्या वेळी झाला. एचआयव्हीवर तीन औषधं एकत्र घ्यावी लागतात. परदेशात त्यांची पेटंट्स वेगवेगळ्या कंपन्यांकडे, त्यामुळे गोळ्या वेगळ्या आणि खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेत माणसं मरत होती, औषध असूनही. सिप्लाला मात्र आडकाठी नव्हती. तिने तिन्ही औषधं एकाच गोळीत घातली, सकाळी एक, संध्याकाळी एक. नाव ट्रायोम्यून. आणि फेब्रुवारी २००१ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला भाव सांगितला: वर्षाला ३५० डॉलर. रोज एक डॉलरसुद्धा नाही! बड्या कंपन्यांच्या गोटातून 'चाचेगिरी' अशी ओरड झाली. पण भाव एकदा जाहीर झाल्यावर बाकीच्यांनाही दर खाली आणावे लागले.

आता हा मार्ग पूर्वीसारखा मोकळा नाही. जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडे औषधालाही पेटंट मिळतं. नव्या औषधाची अशी स्वस्त गोळी काढायची, तर वीस वर्षं थांबा, नाहीतर सक्तीच्या परवान्यासाठी भांडा. तरी एक फट उरली आहे, कलम ३(ड): जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागता येत नाही. याच कलमावर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात नोव्हार्टिस हरली, कॅन्सरवरच्या ग्लिव्हेकच्या केसमध्ये. बी.फार्मवाल्यांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही ऑप्शनला टाकता ना, ते हेच कलम!