लग्नपत्रिका रद्दीत टाकू नका!

बार्शीकरांनो, लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग साचतो. मी तो मागून आणतो. कोलाजसाठी एवढा जाड, रंगीत, सोनेरी कागद विकत घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा होईल.

कोलाज म्हणजे चिकटवून केलेलं चित्र. 1912 साली पिकासोने कॅनव्हासवर वेताच्या विणकामाचं छापील ऑइलक्लॉथ चिकटवलं आणि भोवती दोरखंडाची चौकट दिली. आपल्या आज्या मात्र त्याआधीपासून जुनी लुगडी जोडून वाकळ शिवतच होत्या! चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी गेली, तरी ते कागद कापून चित्रं करत राहिले.

कोलाज करायला चार घरची मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसवा. विषय आपल्याच गावचा घ्या : 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे. डबे पत्रिकांचे, जमीन पोत्याच्या तुकड्यांची, धूर कापसाचा. शिंप्याकडच्या चिंध्याही चालतात.

कागद कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडा. पांढरी कड सुटते, तीच ढगांना शोभते. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला आणि ब्रशने पातळ लावा. पुठ्ठा वाळताना वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही एक कागद डकवा. घरची खळ उत्तम, पण मुलं असतील तर तिच्यात मोरचूद अजिबात नको, ते विषारी असतं.

मोठी माणसं आधी लाजतात. अर्ध्या तासाने मुलांच्या हातातली कात्री तीच ओढून घेतात!

तुमच्या गल्लीतल्या आगगाडीचा फोटो खाली टाका.