तेलातील उष्णता आणि पंपाचे पाणी

भाताची कापणी आटोपली की पनवेल तालुक्यातील नदीकाठच्या गावांत भाजीपाल्याचे मळे उभे राहतात. जेथे विजेची तार पोचलेली नाही, अथवा वीज हवी तेव्हा मिळत नाही, तेथे डिझेल एंजिनावरच पाणी उपसावे लागते. अशा मळ्याच्या खर्चात तेलाचा वाटा मोठा असतो. इतके तेल जाळूनही पाणी एवढेच का, हा प्रश्न मग ग्राम-कार्यकर्त्यापुढे येतो. त्याचे उत्तर पंपापासून सुरू होत नाही. ते उष्णतेच्या स्वभावापासून सुरू होते.

एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे 8,600 किलोकॅलरी उष्णता निघते. एका किलोकॅलरीचे संपूर्ण काम झाले तर 427 किलो वजन एक मीटर उचलले जाईल. या हिशेबाने एका लिटर तेलावर सहा मीटर खोलीवरून सहा लाख लिटर पाणी वर यावयास हवे. प्रत्यक्षात चांगला पंपसंच नव्वद हजार लिटरांच्या आसपास पाणी देतो, आणि हेळसांड झालेल्या संचाला साठ हजारही जड जातात. बाकीची उष्णता जाते कोठे?

सादी कार्नो या तरुण फ्रेंच एंजिनियराने 1824 साली याचा विचार मांडला. त्याने उष्णतेची तुलना धबधब्याशी केली. पनवेलकरांना त्यासाठी दूर जावयास नको. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरते आणि खोपोलीच्या वीजघरातील चक्रे फिरविते. टाटांचे हे काम 1915 सालापासूनचे. पाण्याचे बळ उंचीतील फरकात आहे. खाली आलेले पाणी नाहीसे होत नाही, ते पाताळगंगेला मिळते. पण त्या चक्रांना त्याचा आता उपयोग नसतो. उष्णताही वरच्या तपमानाकडून खालच्या तपमानाकडे जातानाच काम करते, आणि तिचा काही भाग खालच्या पातळीला सोडून द्यावाच लागतो. दृष्टान्त एका ठिकाणी मात्र तोकडा पडतो. पाणी जेवढे वर होते तेवढेच खाली येते. उष्णतेचा एक भाग मात्र कामाचे रूप घेतो आणि उरलेलीच खाली उतरते. त्या ग्रंथात कार्नोने हे मानले नव्हते. ती दुरुस्ती 1850 च्या सुमारास क्लाउसियुस व केल्व्हिन यांनी केली.

मर्यादा किती, हे साध्या भागाकाराने काढता येते. शतांश तपमानात 273 मिळविले की निरपेक्ष तपमान मिळते. समजा, वाफ 180 अंशांना एंजिनात शिरली आणि 100 अंशांना बाहेर पडली. म्हणजे 453 वरून 373 वर आली. फरक 80. त्याला 453 ने भागले की शेकडा 18 सुद्धा भरत नाहीत. घर्षण नाही, गळती नाही, कारागीर जगातला उत्तम, तरीही याहून अधिक काम त्या वाफेतून निघणार नाही. खालचे तपमान सभोवतालच्या हवापाण्याहून खाली नेता येत नाही, तेव्हा वरचे वाढविणे हाच मुख्य उपाय. रुडॉल्फ डिझेल याने सिलिंडरात हवा इतकी दाबली की ती तापून, आत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेटावे. 1897 साली त्याच्या एंजिनाने शेकडा 26 कार्यक्षमता दाखविली.

आजचे शेतीवरील लहान एंजिन चांगल्या स्थितीत असेल तर तेलातील उष्णतेपैकी शेकडा 30 च्या आसपास भागाचे काम करते. उरलेली बहुतेक उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. एंजिनाने दिलेल्या कामापैकी निम्मे पंप आणि नळ खातात. नव्वद हजारांचा हिशेब असा जुळतो.

सोडून दिलेली उष्णता पुन्हा कामाला लावता येते, हे शेजारच्या उरण तालुक्यात पाहावयास मिळते. तेथील वायू-विद्युत् केंद्राचे पहिले संच 1982 साली चालू झाले. पुढे 108 मेगावॉटच्या चार वायू-चक्रांतून निघणाऱ्या तप्त धुरावर वाफ करून, 120 मेगावॉटचे दोन संच जास्तीचे इंधन न जाळता चालविण्याची योजना झाली. मळ्यातील पाच अश्वशक्तीच्या एंजिनाला असला खटाटोप परवडणारा नाही, हेही खरे.

तेव्हा एखादा विक्रेता ‘आमच्या एंजिनात तेलाचे शेकडा ऐंशी काम होते’ असे सांगू लागला, तर त्याच्याशी वाद न घालता त्याला चहा पाजून वाटेला लावावे. कोणत्या तरी पुडीने तेल निम्मे होते, हा दावाही त्याच मोलाचा. एंजिन चांगले चालत असेल तर निम्मे तेल वाचण्यासाठी त्याची कार्यक्षमता शेकडा 60 व्हावी लागेल.

शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते साठ हजार आणि नव्वद हजार यांमधले अंतर. पुष्कळ ठिकाणी एंजिन तापू नये म्हणून त्यातून गार पाण्याची भरघोस धार सोडतात. बाहेर पडणारे पाणी कोमट लागले तर ते एंजिन गरजेहून थंड आहे असे समजावे. तेल नीट जळत नाही आणि उष्णता फुकट वाहून जाते. ते पाणी सुमारे 60 अंश असावे, म्हणजे हात फार वेळ धरवू नये. काळा धूर हे तर अर्धवट जळालेले तेलच होय. हवेची गाळणी आणि तेल फवारणारे नॉझल तपासून घ्यावे. अरुंद नळ, वळणांवर वळणे आणि तोंड आखडलेला फूटव्हॉल्व्ह यांचा भार एंजिनावरच पडतो. नळाचे तोंड बांधाच्या वर पुरुषभर उंच ठेवण्याची चाल काही मळ्यांत आढळते. धार दुरून दिसते खरी. पण सहा मीटरांच्या उपशात उंची एक मीटर वाढली की तेवढ्याच पाण्याला तेल जवळजवळ सहाव्या हिश्शाने अधिक लागते.